विषयांतर

एकोणीस वर्षं मी काचेच्या पट्टीवर
झिंक ऑक्साइडचा थर चढवत होते.
दोनशे नॅनोमीटर, कधी दोनशे वीस.
बाहेर फैजपूर सेहेचाळीसवर तापलेलं,
वीज गेली की पंपाचा श्वास सुटायचा,
निर्वात नळीत गावाची हवा शिरायची
आणि त्या दिवसाचा थर वाया.

मग कुणा अनोळखी परीक्षकाने लिहिलं,
हा लेख म्हणजे लेखिकेच्या मागच्या सात लेखांचा आठवा भाऊ.
चिडले. रात्री सातही काढून वाचले.
भाऊच होते,
एकाच ताग्यातून सदरे शिवलेले.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या मागे बोअर चालू होती,
जुनी आटली म्हणून.
शिरपूरचा सुपडू मिस्तरी, गळ्यात पंचा,
दर वीस फुटांना मूठभर माती
वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा.
पिवळी, काळी, परत पिवळी, मग चुनखडीचे खडे,
चारशे चाळीसला एक निळसर,
जिला त्याच्याकडेही नाव नव्हतं.
हे कशाला ठेवता, विचारलं.
म्हणाला, "आठे तापीमाय कितला डाव फिरनी,
ते मांडी ठेवस."
आणि चिमूट पुढे केली. "चाखी देखा."

चाखली. खारट.
थर हा शब्द मला वाटत होतं माझा आहे.

सहा पुड्या लॅबमध्ये आणल्या
आणि क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवून दिल्या, उगाच,
जेवणाच्या सुट्टीत.
आलेखावर अशी शिखरं उठली
जी मला वाचता येईनात.
किती वर्षांनी
मला काही वाचता येत नव्हतं.

नेहेते सर म्हणाले, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी?
या वयात लोक वरचा मजला चढवतात, बाई,
पाया खणायला घेत नाहीत.
मयूरी काहीच बोलली नाही.
तिचा प्रबंध निम्मा झालेला, माझ्या जुन्या विषयात.
बाटल्यांची लेबलं एका दिशेला करत राहिली,
मग म्हणाली,
तुम्ही असाल ना मॅडम, की फक्त सही असेल?

याचं उत्तर मी पटकन दिलं.
पटकन दिलं, हेच खटकतं अजून.

नागपूरच्या परिषदेत एका सव्वीस वर्षांच्या मुलाने
भूजल म्हणजे काय ते मला समजावलं,
हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं.
मी पेन्सिलीने उतरवून घेतलं.
तीन प्रोजेक्ट परत आले.
अर्जदाराचा या क्षेत्रातील अनुभव, या रकान्यात
मीच एक आडवी रेघ ओढली होती.
सरळ आली होती, तेवढंच.

आता रविवारी न्हावी, चिनावल, सावदा.
केळीच्या बागांतून वाट काढत
विहिरीत टेप सोडायचा, ओला झालेला आकडा वाचायचा.
बहुतेक ठिकाणी टेपच संपतो.
काठावर एक पोरगा विचारतो, पाणी कुठं गेलं?
जुन्या विषयात माझ्याकडे
नको तेवढी उत्तरं होती.
इथे वहीत लिहिते, माहीत नाही,
खाली तारीख टाकते.

ती निळसर माती टेबलावर आहे,
बाटलीवर प्रश्नचिन्ह.
काल शहाद्याकडून मिस्तरीचा फोन,
मागे मशिनचा खडखडाट,
"निळी सापडनी, मॅडम. पन येनी चव न्यारी शे."

शहाद्याची बस किती वाजता,
मी बाटली उचलत विचारलं.
मयूरी पंपाच्या काट्याकडे बघत होती,
आज पहाटेपासून वीज गेली नव्हती.
म्हणाली, आधी हे रीडिंग घ्या.